स्टार दाबला की श्र येतो!

मागच्या अंकात बोलता बोलता मी लिहून गेले की हा कॉलम मी वर्डमध्ये लिहीतच नाही, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये मार्कडाउनच्या खुणा टाकून लिहिते आणि संपादकांना पाठवायच्या आधी त्याची वर्ड फाइल करते. एवढ्या एका वाक्यावर इतके मेल आले की या वेळी मोबाईलच्या बॅटरीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत. निम्म्या लोकांना मार्कडाउन म्हणजे काय तेच माहीत नाही आणि उरलेले निम्मे ते वापरून वैतागलेत, दोघांची पंगत एकदमच बसवते, सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. पाण्याची टाकी साफ करायची नोटीस एआय चॅटबॉटकडून लिहून घेतली, छान लिहिली त्याने, पण ग्रुपवर टाकली तर प्रत्येक ठळक शब्दाच्या मागेपुढे दोन-दोन स्टार आणि ओळींच्या सुरुवातीला हॅश. एका मेंबरने सगळ्यांसमोर विचारलं, काय हो, नोटिशीत फुल्याफुल्या कशाला? हे येतं कुठून आणि काढायचं कसं? (डोंबिवलीचे एक वाचक)

उत्तर: काका, तुमचं काही चुकलं नाही, चॅटबॉट लोक मार्कडाउनमध्येच लिहितात. त्यांच्या स्वतःच्या खिडकीत त्या खुणांचं बोल्ड, हेडिंग वगैरे होऊन दिसतं म्हणून तुम्हाला ते कळत नाही, पण कॉपी केलं की बऱ्याचदा मूळ खुणा तशाच्या तशा सोबत येतात. म्हणजे त्याने लिहिलेलं खरं हे असं असतं:

## टाकी सफाई

रविवारी **सकाळी १० ते दुपारी ४** पाणी बंद राहील.

- बादल्या भरून ठेवा
- मुलांना गच्चीवर पाठवू नका

दोन हॅश म्हणजे दुसऱ्या नंबरचं हेडिंग, दोन स्टारच्या मध्ये ठळक, ओळीच्या सुरुवातीला हायफन म्हणजे यादी. बास, एवढंच आहे ते. हे काढलं २००४ साली अमेरिकेतल्या जॉन ग्रूबर नावाच्या लेखकाने, त्याला डोकं लावायला सोबत होता एरन स्वार्ट्झ, जो तेव्हा फक्त १७ वर्षांचा होता. वेबसाइटवर लेख टाकायचा तर एचटीएमएलचे, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेचे, कंस लिहीत बसावं लागायचं, लेख कमी आणि कंस जास्त. ग्रूबरने बघितलं की साध्या ईमेलमध्ये जिथे बोल्डची सोयच नसते तिथे लोक आपापल्या परीने खुणा करतातच की, शब्दावर जोर द्यायचा तर स्टार, यादीला हायफन. मग त्याच खुणा घेतल्या आणि त्यांचं एचटीएमएल करून देणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एचटीएमएलसारख्या खुणांच्या भाषेला मार्कअप म्हणतात, त्याच्या उलट म्हणून नाव मार्कडाउन. त्याचा आग्रह असा की फाइल कशातही न बदलता नुसती उघडली तरी माणसाला सरळ वाचता आली पाहिजे, आणि वरची नोटीस बघा, वाचता येतेच ना?

आता तुमची अडचण. व्हॉट्सॅपची बोली वेगळी आहे. तिथे ठळक करायला एकच स्टार लागतो, तिरप्याला अंडरस्कोर, खोडायला टिल्ड (~), आणि २०२४ पासून हायफनची यादी पण चालते, हेडिंग मात्र नाहीच. त्यामुळे नोटीस आधी कुठल्याही एडिटरमध्ये टाका, फाइंड-रिप्लेसने दोन स्टारच्या जागी एक करा, हॅश पुसा आणि मग ग्रुपवर टाका. किंवा चॅटबॉटलाच सांगा की बाबा व्हॉट्सॅपसाठी दे, ठळकला एकच स्टार लाव, ऐकतो तो. प्रिंट काढून लिफ्टजवळ चिकटवायची असेल तर गूगल डॉक्समध्ये टूल्समधल्या प्रेफरन्सेसमध्ये मार्कडाउन चालू करा, मग राइट क्लिकमध्ये पेस्ट फ्रॉम मार्कडाउन असं येतं, त्याने सगळं नीट बसतं. आणि काका, तुम्ही पाठवलेल्या नोटिशीत अकरा गोष्टी बोल्ड होत्या, सगळंच ठळक केलं तर लोक वेळ तेवढी सोडून बाकी सगळं वाचतील.

प्रश्न: मी कविता करते आणि एका ॲपमध्ये साठवते ज्यात मार्कडाउन चालतं असं लिहिलंय. मी लिहिताना ओळी बरोबर तोडते पण दाखवताना सगळ्या ओळी एकामागे एक जोडून गद्य होऊन जातं! फार जीव तुटतो. (सांगलीच्या एक शिक्षिका)

उत्तर: बाई, तुटायला तर ओळी हव्या होत्या, जीव नको. तुम्ही लिहिलेलं असतं

अंगणात ऊन आलं
उंबऱ्याशी थांबलं

आणि दिसतं "अंगणात ऊन आलं उंबऱ्याशी थांबलं". याचं कारण परत त्या ईमेलमध्येच आहे. जुन्या साध्या ईमेलमध्ये एक ओळ साधारण सत्तरेक अक्षरांची झाली की एंटर मारायची पद्धत होती, ती ओळ लेखकाला तोडायची होती म्हणून तुटलेली नसायची, जागा संपली म्हणून तुटायची. म्हणून मार्कडाउनने ठरवलं की एक एंटर म्हणजे काहीच नाही, नुसती स्पेस, आणि नवा परिच्छेद हवा तर मध्ये एक अख्खी रिकामी ओळ सोडा. गद्यवाल्यांना हे सोयीचं पडतं, कवितावाल्यांची पंचाईत होते.

उपाय दोन आहेत. ग्रूबरच्या मूळ पद्धतीत ओळीच्या शेवटी दोन स्पेस द्यायच्या आणि मग एंटर. मला हा प्रकार कधीच आवडला नाही, कारण स्पेस डोळ्याला दिसत नाही, काही एडिटर फाइल सेव्ह करताना शेवटच्या स्पेस स्वतःहून झाडून टाकतात, आणि मोबाईलवर तर दोनदा स्पेस दाबली की बऱ्याच की-बोर्डवर पूर्णविराम उमटतो, म्हणजे तुमच्या प्रत्येक चरणाला पूर्णविराम. दुसरा उपाय चांगला, ओळीच्या शेवटी उलटी तिरकी रेघ, बॅकस्लॅश, द्यायची:

अंगणात ऊन आलं\
उंबऱ्याशी थांबलं

कडव्याच्या शेवटच्या ओळीला द्यायची नाही, तिथे रिकामी ओळ पुरते. फक्त ही रेघ तुमच्या ॲपला कळते का ते बघा, कारण ती मूळ मार्कडाउनमध्ये नव्हती. झालं काय होतं की ग्रूबरने नियम लिहिले होते तसे मोघमच, मग प्रत्येक ॲपवाल्याने आपापला अर्थ लावला आणि एकच फाइल पाच ठिकाणी पाच तऱ्हेने दिसायला लागली. शेवटी २०१४ मध्ये जॉन मॅकफार्लेन, जेफ ॲटवुड वगैरे मंडळींनी बारीकसारीक नियम उदाहरणांसकट लिहून काढले, त्याला कॉमनमार्क म्हणतात. (आधी नाव ठेवलं होतं स्टँडर्ड मार्कडाउन, ग्रूबरला ते पटलं नाही, म्हणून नामांतर, हे आपल्याला नवीन नाही.) बॅकस्लॅश त्यातलाच. आता तुमच्या ॲपच्या माहितीत कॉमनमार्क हा शब्द दिसला तर बिनधास्त वापरा. काही ॲप एका एंटरलाच ओळ तोडतात, तिथे तर काहीच करावं लागत नाही, पण मग तीच कविता दुसरीकडे नेली की पुन्हा गद्य. म्हणून सवय रेघेचीच लावा.

प्रश्न: मॅडम मी इनस्क्रिप्ट या मराठी की-बोर्डवर टायपिंग शिकलोय, वेग चांगला आहे, पण तुमचं ते मार्कडाउन करायला गेलो तर स्टार दाबला की श्र येतो आणि हॅश दाबला की र चा पाय येतो. माझा की-बोर्ड खराब आहे का? (तालुक्याच्या ठिकाणी ऑफिसात टायपिंग करणारे एक वाचक)

उत्तर: हा या महिन्यातला माझा सगळ्यात लाडका प्रश्न, शीर्षकही यातूनच उचललंय. की-बोर्ड खणखणीत आहे दादा तुमचा. इनस्क्रिप्टमध्ये वरच्या आकड्यांच्या रांगेत शिफ्ट दाबून जोडाक्षरं बसवलीयत, तीनवर र चा पाय, सातवर क्ष, आठवर श्र. चौकटी कंसांच्या जागी ड आणि नुक्ता, अंडरस्कोरच्या जागी विसर्ग, बरोबरच्या चिन्हाच्या जागी ऋकार, मोठा-लहान दाखवणाऱ्या चिन्हांवर ष आणि दंड. म्हणजे मार्कडाउनला जी जी चिन्हं लागतात त्यातली बहुतेक आपल्या वर्णमालेने व्यापून टाकलीयत. मार्कडाउन बनवणाऱ्याच्या डोक्यात हे असण्याचा प्रश्नच नव्हता आणि इनस्क्रिप्टवाल्यांच्याही नव्हता, दोघांपैकी कुणाला दोष देणार.

सरळ उपाय म्हणजे विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबून क्षणभर इंग्रजीवर जायचं, स्टार मारायचा, परत यायचं. पण प्रत्येक शब्दाला असं करायला लागलं तर तुमच्या वेगाचं खोबरं होईल. म्हणून मी काय करते ते सांगते. एक चिन्ह इनस्क्रिप्टमध्ये शाबूत आहे, हायफन. यादी हायफननेच होते. आणि गंमत म्हणजे हेडिंगपण हायफनने करता येतं, हॅशशिवाय! हेडिंगची ओळ लिहा आणि बरोब्बर खालच्या ओळीत चार-पाच हायफन मारा:

मागील सभेचे इतिवृत्त
-----

हे दुसऱ्या पातळीचं हेडिंग झालं. शाळेत आपण मथळ्याखाली पट्टीने रेघ मारायचो तेच. ही पद्धत मार्कडाउनच्याही आधीची, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या सेटेक्स्ट नावाच्या पद्धतीतून आलेली आहे. राहिला फक्त बोल्ड, तर मी आधी सगळा मजकूर मराठीत टाइप करून टाकते, जिथे ठळक हवंय तिथे दोन हायफन लागोपाठ मारून ठेवते आणि शेवटी एकदाच फाइंड-रिप्लेसने दोन हायफनचे दोन स्टार करते. (हेडिंगखालच्या रेघा त्यात सापडू नयेत म्हणून हेडिंगं सगळ्यात शेवटी करायची, हे मी एकदा पूर्ण वार्षिक अहवाल स्टारमय करून शिकले.)

एक सावधगिरी, आपल्याकडे मजकूर संपला की खाली लांबलचक हायफनची रेघ मारायची सवय असते. ती परिच्छेदाला चिकटून मारलीत तर अख्खा परिच्छेद हेडिंग होतो, एवढ्या मोठ्या अक्षरात येतो की वाटतं कुणीतरी ओरडतंय. रेघेच्या वर एक रिकामी ओळ सोडा, मग ती नुसती रेघ राहते.

प्रश्न: मी कायद्याच्या माहितीपत्रकांचं भाषांतर करते. "सातबारा" हा शब्द अवतरणचिन्हात आणि ठळक हवाय, पण पुढे प्रत्यय आला की बोल्ड होतच नाही, स्टार तसेच दिसतात. प्रत्यय नसेल तर होतं. डोकं फिरलंय. (पुण्याच्या एक वाचक)

उत्तर: फिरणारच, माझं दोन दिवस फिरलं होतं. तुम्ही लिहिताय

**"सातबारा"**वर नाव चढवणे

आणि नियम असा आहे की शेवटच्या स्टारच्या आधी अवतरणासारखं विरामचिन्ह असेल तर त्या स्टारच्या नंतर मोकळी जागा किंवा दुसरं विरामचिन्ह पाहिजे, तरच ते स्टार बंद करणारे म्हणून धरले जातात. इंग्रजीत असा प्रत्यय चिकटत नाही, तिकडे "वर" हा वेगळा शब्द आधी येतो, त्यामुळे त्यांना हा नियम बोचत नाही. आपल्याला मात्र वर, मध्ये, साठी, चा-ची-चे सगळं शब्दाला चिकटून. चिनी-जपानी लिहिणाऱ्यांचीही हीच रड आहे, ते तर शब्दांत जागाच सोडत नाहीत. उपाय म्हणजे अवतरणं बाहेर काढा:

"**सातबारा**"वर नाव चढवणे

आता स्टारच्या दोन्हीकडे आत अक्षर आहे, काम झालं. अंडरस्कोर वापरून तिरपं करत असाल तर ते प्रत्ययाबरोबर अजिबातच चालणार नाही, कारण शब्दाच्या मधला अंडरस्कोर मुद्दाम सोडून देतात, लोकांच्या फाइलींच्या नावात असतो म्हणून. तिथे पण एक स्टार वापरा.

आणि एक, जे भाषांतरवाले हमखास करतात. मूळ शब्द तेवढा ठळक करायचा म्हणून **घर**ात असं लिहू नका. त्या काना-मात्रेला धरायला अक्षरच उरत नाही, मग ती टिंबटिंबाच्या गोलाला लटकते आणि कागद छापून आला की मुद्रितशोधनवाल्याला शिव्या बसतात. सामान्यरूप झालं की अख्खा शब्द प्रत्ययासकट ठळक करा, **घरात**, कुणी कोर्टात खेचत नाही.

प्रश्न: मराठी विकिपीडियावर लिहायला लागलोय, तिथे हॅश दिला तर हेडिंगऐवजी १, २, ३ येतात? (नाशिक)

उत्तर: विकिपीडियाची भाषा वेगळी, ती मार्कडाउन नाही. विकिपीडिया २००१ मध्ये सुरू झाला, मार्कडाउन त्यानंतर आलं. तिथे हॅश म्हणजे आकड्यांची यादी, हेडिंगला दोन्ही बाजूंनी दोन-दोन बरोबरची चिन्हं, ठळकला तीन-तीन एकेरी अवतरणं. त्या घरी त्यांच्या रीतीने.

प्रश्न: आम्ही छोटासा दिवाळी अंक काढतो. वीस-पंचवीस लेखक, कुणाची वर्ड फाइल, कुणाचं श्रीलिपीत, कुणी व्हॉट्सॅपवरच कथा पाठवतं. सगळ्यांकडून मार्कडाउनमध्ये लेख मागवले तर? आणि पाककृतींच्या पानाला चाललंय का ते? (कोल्हापूर)

उत्तर: लेखकांकडून मागवू नका हो, अर्धे लेख येणारच नाहीत. तुम्ही स्वतः मात्र सगळं मार्कडाउनमध्ये आणून ठेवा, त्यात फार सुख आहे, कारण कुणाचे चार फॉन्ट, कुणाचे रंगीत मथळे, कुणी स्पेसबार दाबून मध्यभागी आणलेलं नाव हे सगळं गळून पडतं आणि हातात नुसता लेख उरतो.

पण पहिली पायरी श्रीलिपीवाल्यांची. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात, फॉन्ट असेपर्यंत मराठी दिसतं. टेक्स्ट फाइलीत फॉन्ट साठवलाच जात नाही, त्यामुळे तिथे पेस्ट केलं की निव्वळ कचरा. आधी कन्व्हर्टरने युनिकोड (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसणारं टायपिंग) करा, मग एकदा डोळ्यांखालून घाला, विशेषतः रफार आणि पहिली वेलांटी, तिथे कन्व्हर्टर घसरतात.

मग लागतं पॅनडॉक. वर ज्या जॉन मॅकफार्लेनचं नाव आलं त्याचंच हे २००६ पासूनचं काम, माणूस बर्कलेच्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक आहे. फुकट आहे, एका मार्कडाउन फाइलची वर्ड, ईबुक, पीडीएफ काय हवं ते करून देतं. वर्डसाठी आपल्या मापाची एक नमुना फाइल द्यायची, त्यातल्या स्टाइल्स सगळ्या लेखांना लागतात, म्हणजे पंचवीस लेखांचे मथळे एका ठशाचे. पीडीएफला एक खाच आहे. काहीच न सांगता पीडीएफ मागितलं तर ते देवनागरीवर अडतं, तेव्हा पीडीएफ इंजिन म्हणून झीलेटेक आणि मुख्य फॉन्ट म्हणून नोटो सेरिफ देवनागरी असं स्पष्ट सांगायचं.

छपाईची पानं मात्र मार्कडाउनवर लावायला जाऊ नका, दोन कॉलम, मध्ये चित्र, कडेला जाहिरात हे त्याचं कामच नाही. ते इनडिझाइनवाल्याकडे द्या, आणि त्याला वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करायला सांगा नाहीतर जोडाक्षरं फुटतात. जुन्या पेजमेकरवर अडून बसलेला असेल तर त्याला युनिकोड चालणारच नाही, मग तुमची सगळी मेहनत पुन्हा उलट दिशेने श्रीलिपीत.

पाककृतींचं काय होतं, आपण साहित्य लिहितो "१. दोन वाट्या बेसन, २. अर्धी वाटी तूप" असं मराठी आकड्यांत, एकाखाली एक. मार्कडाउनला यादीसाठी फक्त इंग्रजी आकडे कळतात, मराठी आकडा त्याच्या लेखी साधं अक्षर, त्यामुळे यादी होतच नाही आणि मघाच्या कवितेसारखं बेसन-तूप-साखर सगळं एका ओळीत कालवलं जातं. इंग्रजी आकडे टाइप करा, वेबसाइटवर ते मराठीत दाखवायचे तर पानाच्या सीएसएसमध्ये (पान कसं दिसायचं ते ठरवणाऱ्या सूचनांत) यादीचा प्रकार देवनागरी असा ठेवता येतो. किंवा मी करते ते करा, साहित्याला हायफन आणि कृतीला सरळ परिच्छेद. लाडू वळताना कुणी आकडे मोजत नाही.

याच्या उलटी गंमत म्हणजे, परिच्छेदाची सुरुवातच इंग्रजी आकड्यातल्या सालाने झाली आणि सालापुढे टिंब आणि स्पेस आली तर त्याला वाटतं यादी सुरू झाली, पहिला मुद्दा क्रमांक एक हजार नऊशे साठ! टिंबाच्या आधी बॅकस्लॅश द्या, शांत होतं.

प्रश्न: परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत घेतो तर करड्या चौकटीत टाइपरायटरच्या अक्षरात येते. (ठाणे, निवृत्त)

उत्तर: टायपिंग क्लासची सवय ना, पाच स्पेस? इथे चार स्पेस किंवा टॅब म्हणजे कॉम्प्युटरचा कोड समजतात. आत घेऊ नका, रिकामी ओळ सोडा.

प्रश्न: आमच्या इथे एक क्लास मार्कडाउन शिकवायचे साडेतीन हजार मागतोय, तीन महिने. लावू का? (जालन्याची एक विद्यार्थिनी)

उत्तर: नको गं. तीन महिने शिकवणार काय? हेडिंग, ठळक, यादी, लिंक आणि रिकामी ओळ, एवढं एका चहात होतं. लिंक पण सांगून टाकते, चौकटी कंसात दिसणारे शब्द आणि लगेच चिकटून गोल कंसात पत्ता, मध्ये स्पेस नाही. विंडोज ११ च्या नोटपॅडला पण २०२५ पासून मार्कडाउन कळतं, तुझ्याकडे ते असेल तर वेगळं काही उतरवायचीही गरज नाही. आज रात्री तुझ्या कॉलेजच्या नोट्सचं एक पान करून बघ आणि कुठे अडलं तर मला लिही, पण पुढच्या महिन्यात नाही, तेव्हा बॅटरीवाले रांगेत आहेत.